भुईला टेकू दिली नाही

सगुणाकाकींचे हात म्हणजे काय हात होते! पावसच्या खालच्या वाडीत कोणालाही विचारा. देठातून सुटलेला आंबा त्यांनी जमिनीवर पडायच्या आत झेलला असं कोणी सांगितलं, तर ऐकणारा हसायचा नाही, नुसती मान डोलवायचा. आणि ह्याच हातांनी त्यांनी आपल्या सुनेला, राहीला, गणपतीपासून शिमग्यापर्यंत दर वेळी वरच्या वर झेललं होतं. "एकदासुद्धा भुईला टेकू दिली नाय हां!" हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि सांगता सांगता पदर खोचायच्या. न जाणो, आत्ताच झेलायची वेळ आली तर?

पहिली वेळ गणपतीतली. राहीचं बाळंतपण आषाढातलं, सानिका तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची. आमच्याकडच्या आरत्या तुम्हाला ठाऊकच आहेत. एक संपते न संपते तोच मागून कोणीतरी दुसरी उचलतो, आणि गळा तापला की मग कोणाच्या बापाला ऐकत नाहीत. राही सकाळपासून मोदकांच्या मागे, पोटात नुसता चहा, कापराचा धूर कोंडलेला, आणि पोर खांद्यावर घेऊन मागे खांबापाशी उभी. सगुणाकाकींनी टाळ वाजवता वाजवता सहज मागे पाहिलं, तर सुनेचे ओठ पांढरेफटक. टाळ टाकून त्या धावल्या. एका हातात नात, दुसऱ्या हातात सून! दोघींनाही खरचटलंसुद्धा नाही.

पण मग राहीचे डोळे वर गेले, हात आखडले आणि अंगाला झटके बसायला लागले. आरती थांबली. शेजारची गोदा कांदा फोडून घेऊन आली, कोणी मुठीत किल्ल्या कोंबल्या, कोणी चप्पल नाकाला लावली. "खाली निजवा," असं कोणीतरी बाप्या म्हणाला, तर सगुणाकाकी त्याच्यावर अशा खेकसल्या की तो अंगणात जाऊन उभा राहिला.

भुईवर माणूस घ्यायचा म्हणजे कशासाठी, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांचे यजमान, हरिश्चंद्र, असेच दुपारी बागेतून छाती धरून आले होते. चार शहाणी माणसं जमली, म्हणाली, आता काही खरं नाही, भुईवर घ्या. सारवलेल्या भुईवर घेतलं, तोंडात तुळशीपत्र ठेवलं, आणि तो माणूस तिथून उठला नाही. तेव्हापासून घरात कोणी चटईशिवाय जमिनीवर लवंडलं, तरी काकींचा तोल जायचा. मुलगा दर्शन लहानपणी अभ्यास करता करता लादीवर झोपला, तर त्याला पाठीत धपाटा घालून उठवत. सुनेला भुईवर? त्यांच्या जिवात जीव असेपर्यंत नाही!

म्हणून त्या तिला काखेखाली हात घालून, छातीशी आवळून, शुद्धीवर येईपर्यंत तश्शी उभी धरायच्या. गोदा समोरून आधार द्यायची. आणि शुद्धीवर यायला राहीला वेळ लागायचा. झटके थांबायचे, परत यायचे. मग कधीतरी ती डोळे उघडायची, थकून गेलेली, कोण कुठे काही न समजणारी.

फिट आहे, असंच सगळ्यांचं मत पडलं. मत द्यायला काय जातं? दर्शन जयगडच्या बंदरात कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्याने रजा काढून तिला दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. कोल्हापूरला नेऊन डोक्याला तारा लावून तपासणी केली, ती चोख निघाली, पण गोळ्या चालूच राहिल्या. गोळ्यांनी राहीला दिवसभर गुंगी यायची, आणि झटके यायचे ते येतच राहिले. एकदा बँकेच्या रांगेत, एकदा माघातल्या हळदीकुंकवाला, एकदा चुलीपुढे वडे तळताना.

गोदाची जीभ वळवळली. "वयनी, वाईट वाटून घेव नको, पण तिच्या माहेरच्या, सावर्ड्याच्या लोकांनी मिरगी लपवून तर नाय दिली पोरगी?"

"तुझ्या घरचं काय काय लपवलेलं मला माहित्येय, ते बोलू का चव्हाट्यावर?" काकी फाडकन म्हणाल्या. पण त्या रात्री काकींना झोप लागली नाही, हेही खरं. तसं काही असेल तर पुढे काय, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

ह्या सगळ्यात खरी शिक्षा झाली ती राहीला. पोर उभ्याने घ्यायचं नाही, हा काकींचा कायदा. बसून घ्यायचं, तेही समोर कोणी असेल तरच. अंगावर पाजायचं ते काकी शेजारी टेहळणीला बसलेल्या असताना. आंघोळ काकी घालणार, काऊचिऊ दाखवायला काकी नेणार, झोपवणार काकी. राही काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "आई, जरा पुढच्या खळ्यात फिरवून आणू तिला? एवढंच, दगडी गडग्यापर्यंत."

"आणि पडलीस म्हणजे? चिऱ्यांवर आपटेल पोर! मी काय दर वेळी दोघींना झेलायला पुरणार आहे?"

राही आत गेली.

मग शिमग्याच्या सुमाराला ते घडलं. सानिका दुपारची झोपून उठली, डोळे चोळत बसली. राही जवळच होती. तिने हात पुढे केले. पोरीने आईकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि आईच्या खांद्यावरून पलीकडे, दारात उभ्या असलेल्या आजीकडे हात पसरून रडायला लागली. काकींनी तिला उचललं. राही उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेलं पातेलं परत घासायला बसली. किती वेळ घासत होती कोण जाणे. काकींना ते पातेल्याचं खरखरणं ऐकवेना. नात छातीशी होती, उबदार, आणि तरी त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं. पण करणार काय? पोर हातातून सुटलं तर? त्या रात्री त्यांनीच दर्शनला फोन लावला. "दुसरा डॉक्टर बघ. ह्या पोरीचं आयुष्य असं नाय जाऊ द्यायचं."

रत्नागिरीत डॉक्टर मृणाली म्हणून नवीन बाई आल्या होत्या. दर्शन, राही आणि काकी तिघं गेली, सानिका गोदाकडे ठेवली. बाई तरुण दिसल्या तशी काकींनी नाक मुरडलं. ही काय सांगणार?

बाईंनी मात्र आधी कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं. राहीला म्हणाल्या, "पडायच्या आधी तुला स्वतःला काय होतं?"

"तिला काय कळणार? ती बेशुद्धच असते," काकी म्हणाल्या.

"आधी, मावशी. बेशुद्ध व्हायच्या आधी."

राही चाचरत म्हणाली, "जांभया येतात. एकामागून एक. मग घाम सुटतो, कानात गूं होतं, समोरचं सगळं काळं होत जातं."

"झोपलेली असताना कधी झालं? बसलेली असताना?"

राहीने विचार केला. "नाही. दर वेळी उभीच होते."

बाईंनी तिला झोपवून रक्तदाब घेतला, मग उभी करून परत घेतला, हृदयाची पट्टी काढली. मग काकींकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा. ती पडते तेव्हा तुम्ही नक्की काय करता?"

काकी ह्याच प्रश्नाची वाट बघत होत्या! "सांगायचं काय, दाखवतेच. दर्शन, ऊठ. उभा राहा." आणि त्या दवाखान्यात त्यांनी आपल्या घोड्याएवढ्या मुलाला मागून मिठी घातली, काखेखाली हात घालून असा वर उचलला की त्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. "आई, अगं लोक बघतायत," दर्शन म्हणाला. "बघू देत. अशी धरते, डॉक्टर. हलू देत नाय."

"किती वेळ?"

"शुद्धीवर येईपर्यंत! एकदासुद्धा भुईला टेकू दिली नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सोडा त्याला, मावशी. बसा." आणि मग त्यांनी अगदी सावकाश, काकींना समजेल असं सांगितलं. काही माणसांचं असं असतं, फार वेळ उभं राहिलं, पोट रिकामं असलं, उकाडा असला की रक्तदाब एकदम उतरतो. डोक्याला रक्त कमी पडतं. म्हणून माणूस कोसळतो. कोसळला, आडवा झाला की रक्त आपोआप डोक्याकडे येतं आणि तो उठून बसतो. "आणि आडवं होऊच दिलं नाही, उभंच धरून ठेवलं, तर मेंदूला रक्त मिळतच नाही. मग तो झटके देतो. दिसायला अगदी फिटसारखं."

काकींचं तोंड उघडं राहिलं होतं.

"म्हणजे ते झटके... मी देत होते तिला?"

"तुम्ही झेललंत म्हणून तिचं डोकं फुटलं नाही. बाळही वाचलं. हे विसरू नका. झेला, जरूर झेला. पण झेललं की लगेच भुईवर निजवा आणि पाय वर करा."

भुईवर! काकी ताडकन उठल्या. "आमच्यात भुईवर कोणाला घेतात, माहित्येय का तुम्हाला? शिकलेली माणसं तुम्ही, तोंडाला येईल ते बोलता!"

डॉक्टर रागावल्या नाहीत. "माहित्येय. माझ्या आजोबांना घेतलं होतं. मी तिथेच होते. पण ते जात होते म्हणून त्यांना भुईवर घेतलं, मावशी. भुईवर घेतलं म्हणून नाही गेले."

काकी परत खुर्चीत बसल्या.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. आज शंभर टक्के मी काही म्हणत नाही. रक्त कमी आहे, ते भरून काढू. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, मी सांगेन तेव्हा सांगेन तशा कमी करायच्या. आणि परत असं झालं तर निजवायचं आणि बघायचं. आडवी असूनही झटके आले, तर मग फिटचा विचार करावाच लागेल. नाही आले, तर सुटलो.

परतीच्या वाटेवर काकी आधी डॉक्टरांना शिव्या देत होत्या. काल आलेली पोर, हिला काय अनुभव! भाट्याचा पूल आला तशा त्या एकदम गप्प झाल्या. रिक्षात वारा भणाणत होता. राहीने पाहिलं तर सासूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. राहीने त्यांचा हात हातात घेतला. "आई, तुम्ही नसता तर सानू त्या दिवशी जमिनीवर आपटली असती. डॉक्टरपण तेच म्हणाल्या ना?" काकींनी हात सोडवून घेतला नाही.

मग रोज वाट बघणं सुरू झालं. चमत्कारिकच की! आपल्या सुनेला चक्कर येऊ नये म्हणून देवाला नारळ बोललेली बाई, आता एकदा यावी आणि काय तो निकाल लागावा असं मनात म्हणायची, आणि लगेच स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची.

वैशाखात तो दिवस उजाडला. डागी हापूस निवडून काढला होता, त्याचा रस मागच्या पडवीत चुलीवर आटायला ठेवला होता. रस आटवायचा म्हणजे हात थांबवायचा नाही, थांबला की खाली लागला. राही उभी राहून कालथ्याने ढवळत होती. डोक्यावर तापलेले पत्रे, पुढे आग. काकी पलीकडे आढीतले आंबे चाचपत होत्या, सानिका पेंढ्यात रांगत होती, आणि गोदा उंबऱ्यात बसून गावभरच्या बातम्या देत होती.

राहीने जांभई दिली. मग दुसरी. काकींनी मान वर केली. "बस गो खाली!"

"झालंच आई, आणखी थोडं फिरवते, लागेल ना..." आणि कालथा हातातून गळला.

काकी कशा पोचल्या त्यांनाच कळलं नाही. आढी ओलांडून, पोरीला ओलांडून, चुलीकडे झुकणाऱ्या सुनेला त्यांनी मागून झेललं आणि छातीशी आवळलं. गोदा ओरडली, "धर वयनी, घट्ट धर, मी कांदा आणते!" आणि काकींनी धरलं, घट्ट, सवयीने. इतक्या महिन्यांची सवय ती. राहीची मान त्यांच्या खांद्यावर लुळी पडली होती. कसलाही आवाज नव्हता. हात म्हणत होते, सोडू नको. समोर ती सारवलेली भुई. हरिश्चंद्रांना घेतलेली तीच पडवी, तीच जागा.

"देवा, माझी परीक्षा बघू नको रे," काकी म्हणाल्या, आणि गुडघे टेकून त्यांनी सुनेला हळूहळू भुईवर निजवलं.

गोदा कांदा घेऊन आली ती जागीच थबकली. "अगो बाय! भुईवर घेतलीस? उचल तिला, उचल आधी!"

"हात लावलास तर खबरदार!" काकींनी आंब्याची रिकामी पेटी ओढली आणि राहीचे पाय उचलून तिच्यावर ठेवले. मग तिच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत बसल्या. दर वेळी झटके तिथून सुरू व्हायचे. आधी बोटं आखडायची. बोटं सैल होती. करंगळीवर रसाचा थेंब होता, तो ओघळला. बोटं सैलच राहिली. राहीच्या ओठांवर रंग यायला लागला, आधी कडेला, मग मध्ये.

तिने डोळे उघडले. छपराकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं.

"आई, रस लागला का हो खाली?"

"जळू दे तो मेला रस!" काकी ओरडल्या, आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता हमसून हमसून रडायला लागल्या. रस खरंच लागला होता. वास सगळ्या पडवीत भरला होता, आणि कोणाला त्याचं काही नव्हतं. झटके आले नव्हते. एकही नाही! एवढ्यात शुद्धीवर आली, आणि आल्या आल्या रसाची चौकशी करते. कसली फिट आणि कसली मिरगी!

सानिका रांगत रांगत आली. आई अशी आपल्याइतकी खाली तिने कधी पाहिलीच नव्हती. तिने चिकट हाताने आईचं नाक धरलं. "पोर उचल गो, अंगावर चढतंय तिच्या," गोदा म्हणाली.

"राहू दे," काकी म्हणाल्या. आणि पोर चढलं.

पुढे सगळं रीतसर झालं. डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या, गोळ्या हळूहळू उतरवल्या. राहीच्या डोळ्यांतली गुंगी गेली. न्याहारी चुकवायची नाही, पाणी भरपूर प्यायचं, आणि जांभया सुरू झाल्या की असेल तिथे, लाज सोडून, खाली बसायचं. सावर्ड्याला चुलतभावाच्या लग्नात ती भर मंगलाष्टकांत सानिकेला मांडीवर घेऊन बसली आणि मग आडवी झाली. लोक धावले, तर काकी मध्ये हात पसरून उभ्या. "काय झालेलं नाय. सून जरा निजलीय माझी. कोणी उचलायचं नाय. पाय तेवढे वर करा!"

आणि एके सकाळी काकींनी पिशवी घेतली. सानिकेला उचलून राहीच्या कडेवर दिलं, उभ्या राहीच्या, आणि म्हणाल्या, "मासळी आणते. येते जाऊन."

राही नुसती बघत राहिली. गणपतीपासून काकी पोरीला एकट्या राहीजवळ सोडून विहिरीपर्यंतसुद्धा गेल्या नव्हत्या.

"एकटीने?"

"मग काय वाजंत्री लावू?" गडग्यापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. "आणि जांभई आली तर..."

"बसायचं!" राही म्हणाली.

बाजारात काकींनी मनसोक्त घासाघीस केली. गंगुबाई कोळणीने शेवटी हात जोडले. बांगडे घेतले, दोन ठिकाणी गप्पा मारल्या, आणि ऊन डोक्यावर आल्यावर घरी परतल्या. खळ्यात आल्या तर घर चिडीचूप. पुढच्या दारात कोणी नाही. हाक मारली, ओ नाही. तशाच चपला घालून आत धावल्या, माजघर ओलांडून मागच्या पडवीत.

राही भुईवर होती. सानिकाही. सारवलेल्या भुईवर दोघी उताण्या, चटई नाही, काही नाही. त्याच जागी.

काकींनी हात पुढे केले. मग त्यांना ऐकू आलं, सून चक्क घोरत होती. सानिका जागी होती. आईच्या पोटावर पाय टाकून, आईचं मंगळसूत्र चोखत, छपराकडे बघत पडली होती. तिने आजीकडे पाहिलं. हात पसरले नाहीत. गालातल्या गालात हसली आणि आईला आणखी चिकटली.

काकींनी मासळीची पिशवी तिथेच खाली ठेवली. मांजर टपलेलं होतं, दिसत होतं त्यांना. चपला काढल्या, खोचलेला पदर सोडला, कमरेवर हात ठेवून सावकाश खाली बसल्या, आणि नातीच्या पलीकडे भुईला पाठ टेकली. भुई थंडगार होती. इतकी वर्षं त्यांना हे माहीतच नव्हतं.